महानंदाचा जेवायचा वार

बाईने उपाशी राहायचं ठरवलं की अख्खं घर तिच्या मदतीला धावतं. सोमवार धरलास? धर. श्रावण आहे? मग तर धरच. भगर येते, शेंगदाणे येतात, कुणी चुकून तिच्यापुढे भाकरी ठेवली तर घरातली पोरंसुद्धा ओरडतात, "आजीचा वार आहे!" आणि त्याच बाईने आठवड्यातला एक दिवस नीट बसून जेवायचं ठरवलं, तर त्याच घराच्या पायाखालची वाळू सरकते. हे मी कुठे वाचलेलं नाही. लातुरात, औसा रोडच्या मागे आमची नवी कॉलनी आहे, तिथे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझं डोकं अजून शांत झालेलं नाही, आणि ते व्हावं अशी माझी इच्छाही नाही.

ही बाई म्हणजे महानंदा. निलंग्याची. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. इतिहासात ती माझ्यापेक्षा हुशार, आणि हसणं एवढं मोठं की सर फळ्याकडे तोंड करून असले तरी म्हणायचे, "महानंदा, पुरे." बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला बसवंतरावांचं स्थळ आलं. मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, शेतमालाची आडत, खातंपितं घर. सगळे म्हणाले पोरीने नशीब काढलं. त्या घरात खातं कोण आणि शेवटी खातं कोण, हे काही कुणी विचारलं नाही.

आडत्याच्या घराची एक रीत होती. तूर, ज्वारी घेऊन आलेला माणूस जेवल्याशिवाय गावी परतायचा नाही. चांगली रीत आहे, मी नावं ठेवत नाही. पण ती रीत चालवायची कुणी? पहिली पंगत मोंढ्यातल्या पाहुण्यांची. दुसरी घरातल्या पुरुषांची. मग पोरं, मग सासू, मग माहेरपणाला आलेल्या नणंदा. सगळ्यांच्या मागून महानंदा, ओट्याला टेकून, उभ्यानं. तोवर वरणावर साय धरलेली आणि भाकरीचं चामडं झालेलं. मी भेटायला गेले की म्हणायची, "बस गं, एवढं झालं की जेवू." ते 'एवढं' काही झालं नाही. मी शिकले, प्राध्यापक झाले, निवृत्त झाले, तरी हिचं 'एवढं' चालूच.

बसवंतराव गेले. आडत बंद झाली. मुलगा संगमेश्वर याने खत-बियाण्यांचं दुकान टाकलं, माझ्या घरापासून दोन घरं सोडून बंगला बांधला. सून मंजुश्री शाळेत शिकवते, नात शिवानी अकरावीला. आता घरात पंगत नाही. तरी महानंदा शेवटचीच. दुपारी एकला संगमेश्वर दुकानातून घरी येणार आणि त्याला भाकरी तव्यावरून थेट ताटात लागणार. डब्यातली चालत नाही. पोरगा वाईट नाही, असं सगळे म्हणतात. मीही म्हणायचे. वाईट नसलेल्या माणसांनी बायकांना जेवढं राबवलंय तेवढं वाईटांनी नसेल. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

महानंदाला सत्तर पूर्ण झाली तेव्हा शिवानीने हट्ट धरला की आजीचा वाढदिवस लुंबिनीच्या बिस्ट्रोत करायचा. लुंबिनी उदगीरची. तिच्या वडिलांना मी कॉलेजात शिकवलं, म्हणून ती मला मॅडम म्हणते. हॉटेलचं शिक्षण घेतलं, पुण्यात नोकरी केली आणि परत येऊन आमच्याच कॉलनीत एका बंगल्याचा खालचा मजला भाड्याने घेतला. चार-सहा टेबलं, बाहेर लिंबाचं झाड, गल्ल्यामागे बाबासाहेबांचा फोटो. "बिस्ट्रो म्हणजे गं काय?" असं मी विचारलं होतं, तर म्हणाली, "गल्लीतलं साधं हॉटेल, मॅडम. मालकीण तुम्हाला ओळखते असं."

तर वाढदिवस. मीही होते. सूप आलं, पनीर आलं, कडक भाकरीचे तुकडे आणि त्यावर दही-ठेचा असं काहीतरी आलं, आणि पांढरा पास्ता. लुंबिनीने वाडगे टेबलावर ठेवायचा अवकाश, महानंदा उठली. पदर खोचला, मोठा चमचा उचलला आणि टेबलाभोवती फिरून वाढायला लागली.

"आई, बस की," संगमेश्वर म्हणाला. तोंडाने बस म्हणाला आणि हाताने ताट पुढे केलं.

तीनदा त्याने वाढून घेतलं. मी महानंदाचा हात धरून खाली ओढलं तर म्हणते, "एवढं झालं की बसते." आमचं टेबल झालं तर ही शेजारच्या टेबलाकडे वळली. तिथे नांदेडहून मुलीला क्लासला सोडायला आलेली एक बाई बसली होती. महानंदाने त्यांच्याच वाडग्यातलं त्यांनाच वाढलं. "घ्या की, लाजू नका." त्या मायलेकी एकमेकींकडे बघून हसू दाबत होत्या. शिवानीने तोंड लपवलं. मला हसू आलं नाही. मला बसवंतरावांची अख्खी आडत त्या टेबलाभोवती बसलेली दिसत होती.

सगळ्यांचं झालं. संगमेश्वर गाडी काढायला गेला, मंजुश्री आणि शिवानी त्याच्या मागे. आणि महानंदाने काय करावं? सगळ्या वाडग्यांच्या तळाचं, सूप, पनीर, पास्ता, एका ताटात ओतलं आणि उभ्यानं खायला लागली. हॉटेलात! आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याने शिजवून पुढ्यात आणून ठेवलं, तरी हिची मागची पंगत सुटली नाही.

लुंबिनी आतून आली आणि तिने ते ताट महानंदाच्या हातातून काढून घेतलं.

"आजी, हे राहू द्या. बसा. तुमचं आणते."

"अगं, गाडी उभी हाय बाहेर."

"गाडीला भूक नाही लागत, आजी. बसा."

आणि तिने ताजा पास्ता आणून ठेवला. बाहेर हॉर्न वाजत होता. महानंदाने आधी ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. वाफेने तिचा चष्मा धुरकटला. एक घास खाल्ला आणि मला म्हणाली, "गरम हाय गं."

मी म्हटलं, "हो."

"न्हाई, पर गरम हाय."

सत्तर वर्षांची बाई मला ही बातमी देत होती. हॉर्न पुन्हा वाजला. मी बाहेर जाऊन संगमेश्वरला सांगितलं, "तू जा, आम्ही चालत येतो," ते अशा आवाजात की तो गेला.

पुढच्या गुरुवारी ती एकटीच गेली. घरी भाकऱ्या करून, भाजी झाकून, संगमेश्वरचं ताट मांडून ठेवून गेली. त्याच्या पुढच्या गुरुवारी मीही गेले. लुंबिनी कौतुकाने म्हणाली, "आजी, आज ज्वारीच्या भाकरीचं छान आहे."

"भाकरी? ती मी जलमभर थापली. मला त्या पांढऱ्या शेवया दे."

मी विचारलं, "गुरुवारच का गं?"

"एक वार धराया लागतो नं? लोक उपासाला वार धरत्यात. मी जेवायला धरला."

तिथे कसं, तर पाणी अर्धाच ग्लास मिळतं, लातुरात पाण्याचं दुखणं कुणाला सांगावं लागत नाही. पण ताट भरून येतं आणि कढत येतं. महानंदा बसायची, पदर नीट करायची आणि काही न बोलता सगळं संपवायची. तिचा चेहरा पाहून मला बरं वाटत नव्हतं. राग यायचा. एवढ्या साध्या गोष्टीला एवढी वर्षं?

गल्लीला मात्र विषय मिळाला. "सून वाढत नसेल," हे पहिलं. दोष देणं सुनेपासून सुरू करायची आपल्याकडे पद्धतच आहे. मंजुश्री बिचारी सकाळी सातला शाळेत जाते, तिचा यात काय संबंध? मग दुकानात कुणीतरी संगमेश्वरला टोमणा मारला, "काय मालक, आईला खानावळ लावून दिली वाटतं." झालं. आई जन्मभर मागून जेवली तेव्हा याची अब्रू गेली नाही. आई पुढे बसून जेवली तर गेली.

एका दुपारी मी लुंबिनीकडे चहा पीत बसले होते. संगमेश्वर आला. मला पाहून जरा चपापला, पण आला होता ठरवून.

"ताई," तो लुंबिनीला म्हणाला, "एक विनंती होती. आमच्या आईला इथं वाढत जाऊ नका."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पोटचा पोरगा हॉटेलवालीला सांगतो की माझ्या आईला जेवायला घालू नका!

लुंबिनीने विचारलं, "का दादा? आजींना काही त्रास झाला का?"

"त्रास न्हाई. पण आमच्यात चालत नाही. असं बाहेरच्या हातचं."

"बाहेरच्या म्हणजे कुणाच्या रे?" मी विचारलं.

बाबासाहेबांच्या फोटोकडे एकदा नजर गेली त्याची, मग फरशीकडे.

"वाढदिवसाला तीनदा वाढून घेतलंस, तेव्हा हे हात कुणाचे होते? दर रविवारी रात्री तुमच्या दारात तो लाल टी-शर्टवाला पार्सलची पिशवी देऊन जातो, त्यातलं कुणी रांधलंय ते विचारतोस? आपल्यात काय चालतं नि काय चालत नाही, ते मला सांगतोस? शिवाशिव करायला आपल्या लोकांनी गळ्यात लिंग धारण केलं नव्हतं, संगमेश्वर."

"मावशी, तुम्ही आमच्या घरात पडू नका."

"मी घरात नाही, हॉटेलात बसलेय. खरं सांग. जात वगैरे राहू दे. गुरुवारी तुला भाकरी डब्यातली खावी लागते, हेच दुखणं आहे ना?"

त्याचे कान लाल झाले. म्हणजे होतंच.

लुंबिनीचा चेहरा हललाही नाही. 'बाहेरच्या हातचं' हे तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं नव्हतं, एवढं मला कळलं. ती म्हणाली, "दादा, न यायचं आजींना सांगा. त्या आल्या नाहीत तर मी बोलवायला येणार नाही. पण आल्या, तर ताट गरमच येणार."

तो गेल्यावर ती मला म्हणाली, "मॅडम, आजींना सांगू नका. त्यांच्या तोंडची चव जाईल."

मी सांगितलं. तडक जाऊन सांगितलं. असल्या गोष्टी झाकूनच आपण त्या एवढ्या वर्षं गरम ठेवल्यात.

महानंदा मेथी निवडत होती. सगळं ऐकलं. "पोरीला आसं बोलला?"

"हो. तोंडावर."

"आन् तिथंच जेवला की गं तो." एवढंच. मग काड्या एकीकडे, पानं एकीकडे करत राहिली. मला वाटलं, संपलं. ही आता हे दडपून टाकणार. मी चप्पल घातली तेव्हा मागून म्हणाली, "गुरुवारी येशील नं?"

"तू जाणार आहेस?"

"वार मोडत न्हाईत गं."

त्या गुरुवारी तिने घरी भाकऱ्या केल्या नाहीत. झाकून ठेवलं नाही, ताट मांडलं नाही. आम्ही टेबलाशी बसलो आणि थोड्या वेळात गाडी येऊन थांबली. आधी हॉर्न वाजला. महानंदा हलली नाही. मग तो आत आला.

"आई, चल. लोक बघायलेत."

"आज माझा वार हाय."

"हा कसला वार? कुठल्या पोथीत आहे?"

"तुझ्या दहावीला मी सोळा सोमवार केले," महानंदा म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण शेजारच्या दोन टेबलांनी माना वळवल्या. "दुकान चालत नव्हतं तवा निरंकार शनवार केले. शिवानीच्या येळेला परत सोमवार. चक्कर येऊन पडले तरी केले. तवा इचारलास का पोथी कुठली? तवा आलास का हॉर्न वाजवत, आई, उपाशी राहू नगंस म्हणून?"

संगमेश्वरने गाडीची किल्ली खिशात घातली.

"भूक लागली आसंल तर बस. पर आधी त्या पोरीला काय म्हणायचं ते म्हण."

तो लुंबिनीकडे वळला. "ताई, त्या दिवशी मी..."

"काय घेणार?" लुंबिनीने विचारलं. तिने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही, आणि माफही केलं नाही. मला ते आवडलं.

तो बसला. महानंदाचं ताट आलं. त्याचं यायला वेळ होता. त्याच्या समोर बसून ती जेवायला लागली, आणि तो बघत राहिला, ताटाकडे, मग तिच्याकडे. भुकेला माणूस दुसऱ्याच्या ताटाकडे कसा बघतो, ते त्याला त्या दिवशी कळलं असेल तर कळो. मध्येच महानंदाचा हात मोठ्या चमच्याकडे गेला. ही आता आपल्यातलं त्याला वाढणार. हात चमच्यावर टेकला, क्षणभर तिथेच राहिला, आणि मग पुढे गेला. तिने मिठाची डबी उचलली.

ती हात धुवून आली तेव्हा त्याचं ताट आलं. कढत होतं. खरं सांगते, ते गार यावं असं मला वाटत होतं. लुंबिनीला वाटलं नाही.

पोरगा सुधारला, असं कुणी मला सांगू नये. गुरुवारी तो आता स्वतःचं ताट वाढून घेतो, तेही कुरकुरत, आणि बाकीचे सहा दिवस तवा पूर्वीसारखाच. एका वाराने काय होतं? पण त्या दिवशी चार घास खाल्ल्यावर त्याने मान वर न करता विचारलं, "आई, या वाराचं उद्यापन कधी करणार?"

आणि महानंदा हसली. कॉलेजातलं हसणं, तेच, एवढं मोठं. लुंबिनी झारा हातात घेऊन आतून बघायला आली की झालं काय.