किल्ली बंद, तरी चिकटलेली पिन

मुलांनो, तुमच्या आजोबांना उजव्या डोळ्याने आता फक्त उजेड कळतो. डावा टिकावा म्हणून दर महिन्याला अकोल्याला जाऊन इंजेक्शन घ्यावे लागते. वाशीमजवळच्या आपल्या मालेगावहून मीच त्यांना गाडीने नेते. भाद्रपदातली ती तारीख एक दिवसावर आली आणि सकाळी गाडी सुरूच झाली नाही. आठवड्यातली ही तिसरी वेळ, आणि बॅटरी नवी. तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, आता विकून टाक ती." मी फोन ठेवला आणि गाडीच्या मिस्त्रीला बोलावले. गाडी गेली की आमचे जाणे-येणे दुसऱ्याच्या सवडीवर.

मिस्त्री आपली जीप घेऊन अंगणात आला. मी त्याच्यासमोर वही उघडली. गाडी कुठे गेली, कशी चालली, सारे मी लिहून ठेवते.

"काकू, गाडीची बी डायरी? काकांची लिवता का नाई?"

"माही तिले तोंडपाठ हाय," आजोबा खुर्चीतून म्हणाले.

मी नोंदी वाचत गेले. 'एसी लावला नाही, फक्त पंखा. तरी गाडीखाली पाणी.' इथे मिस्त्रीने हात वर केला. "हे पुन्हा वाचा. खाली पानी तं एसी चालू असला तरच गळते."

मी पुन्हा वाचले. लिहिले मीच होते, पण त्यावर विचार केला नव्हता. गाडीबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेले. त्यात सांगितल्याप्रमाणे इंजिन थांबवण्याआधी एसीचे बटण न चुकता बंद करत असे. मी बंद केले म्हणजे ते बंदच, अशी माझी खात्री!

त्याने जीपची बॅटरी वायरींनी आमच्या गाडीला जोडली आणि माझ्याकडे केसांतली पिन मागितली. बॉनेटखाली हात खोल घालून एसीच्या कॉम्प्रेसरच्या चाकाजवळ नेली. टक्! पिन चाकाला चिकटली. त्या चाकात चुंबक असते, पण वीज मिळाली तरच ते ओढते.

"किल्ली कुठं हाय, काकू?"

"माझ्या मुठीत."

"मंग याले करंट कोन देऊन राह्यलं?"

मी मूठ उघडून पाहिली, किल्ली तिथेच होती. गाडी बंद, घर झोपलेले, आणि ते चुंबक रात्रभर जागे राहून बॅटरी पिऊन टाकत होते.

मग त्याने फ्यूजच्या पेटीतून काड्यापेटीपेक्षा लहान असे दोन काळे डबे उपसले. हे रिले. बटण दाबले की आत टोके जुळतात आणि वीज पुढे जाते. एक एसीचा, एक हॉर्नचा, दिसायला अगदी सारखे. एसीचा त्याने हॉर्नच्या जागी बसवला.

हॉर्न आपोआप बोंबलू लागला. कोणी हात लावलेला नाही, आणि थांबायचे नाव नाही.

"काकू, वरात निंगाली का?" शेजारीण कुंपणावरून ओरडली.

मिस्त्रीने डबा उपटला. एकदम शांतता. "हा चोर. आतून चिकटला, सोडतच नाई."

मी त्या तळहातावरच्या डब्याकडे बघत राहिले. इतकी वर्षे मी कारण छापील पानांत शोधत आले. या माणसाने बिघडलेल्या वस्तूलाच बोलते केले होते, तेही माझ्या पिनेने.

"नवा रिले वाशीमहून परवा येईन. तोवर चांगला एकच हाय. हॉर्न पाह्यजे का एसी?"

"एसी!" आजोबा म्हणाले.

"हॉर्न," मी म्हणाले.

बॅटरी चार्ज करून त्याने संध्याकाळी परत बसवली. सकाळी निघण्याआधी मी स्वतः बॉनेट उघडून पिन त्या चाकाला लावून पाहिली. ती टिणकन खाली पडली. एवढ्याशा आवाजाने मला केवढा आनंद झाला! किल्ली फिरवली आणि इंजिन पहिल्याच दमात सुरू झाले.

काचा खाली, दोघेही घामाने चिंब. आजोबांची कुरकुर चालूच होती. एका वळणावर ते डावा डोळा बारीक करून अचानक म्हणाले, "बकऱ्या! हॉर्न दे."

मला त्या अजून दिसल्याही नव्हत्या.