अक्कांचं इंग्रजी

अक्कांना इंग्रजीत स्वतःचं नावही लिहिता येत नव्हतं. पण लसणाच्या पाकळीला, फ्लॉवरच्या तुऱ्याला नि संत्र्याच्या फोडीला इंग्रजीत काय म्हणतात, ते त्यांनी झोपेतही सांगितलं असतं.

सोलापूरबाहेरच्या आमच्या कारखान्यात सांगोल्याची डाळिंबं सोलून दाणे डब्यांत भरले जात आणि परदेशी जात. अक्का सोलणाऱ्या बायकांच्या म्होरक्या. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे रागावल्या की कन्नड. कुणीही पाहुणा आला की हातातलं फळ चिरून त्याच्यापुढे धरायच्या. "सायेब, ह्येला काय म्हणायचं? आन् ह्येला?" ऐकलेला शब्द खोक्याच्या पुठ्ठ्यावर मराठीत लिहून ठेवायच्या. लसणाची पाकळी आणि लवंग, दोन्हींना 'क्लोव्ह'च म्हणतात हे कळलं, त्या दिवशी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "मग गोऱ्यांची फोडणी कशी जमती गं?"

एवढे शब्द कशाला, असं मी विचारलं. म्हणाल्या, "आख्ख्या फळाचं नाव कुणालाबी येतंय की. तुकड्याचं नाव सुरी धरणाऱ्याला यायला पायजे."

मी ऑफिसात लेबलं करायची. बीएस्सी झालेली, नोकरीला दोनच महिने. एका सकाळी गाडी भरली जात असताना अक्का डबा घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"पोरी, हितं काय लिवलंय, वाच बरं."

"पोमग्रॅनेट सीड्स."

त्या हळूच म्हणाल्या, "सीड म्हंजे बी की. दाण्याला ॲरिल म्हणत्यात."

मी ऑर्डरचा कागद काढला. ॲरिलच होतं. बी म्हणून माल गेला असता तर बंदरावर बियाण्याचे कागद मागितले असते, आणि ताजे दाणे तिथेच नासले असते.

"साहेबांना काय सांगू?"

"आदी गाडी थांबव. रडायचं मागनं."

बायकांना त्यांनी एवढंच सांगितलं, "लेबलं बदलायची हायती." दुपारी गाडी सुटली. माल नीट पोचल्याचा मेल आला, तेव्हा कुठे मी पोटभर रडले. साहेबांना अक्कांनी काही सांगितलं नाही. मीही नाही.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी साथ सोडली आणि अक्का लेकीकडे राहायला निघाल्या. निरोपाच्या चहाला साहेब त्यांच्या हाताच्या झपाट्याचं कौतुक करत होते. मला राहवलं नाही. उठले आणि माझी चूक सगळ्यांसमोर सांगून टाकली. साहेबांनी अक्कांपुढे हात जोडले.

अक्का माझ्यावरच चिडल्या. "यव्वा, आत्ता कशाला काढलंस ते?"

मग पदरानं डोळे टिपत कानाशी आल्या. "बरं केलंस पण. मलाबी लई दिवस कुणाला तरी सांगायचं व्हतं."