शेजारच्या सीटवरचा ब्रेक

माझी आत्या बसमध्ये बसली तरी तिचा उजवा पाय ब्रेक दाबतो. घरी टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग लागला की तिच्या पायाखालची सतरंजी हळूहळू पुढं सरकते, आणि आई म्हणते, "वन्सं, थांबली हो गाडी, पाय घ्या आता वर."

आत्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. शिकणारा स्टिअरिंगवर, ही शेजारच्या सीटवर. तिच्या पायाशी जादा क्लच आणि जादा ब्रेक असतो, हातात मात्र काहीच नसतं. "मला फक्त थांबवता येतं, वळवता येत नाही," असं ती सांगते. "मुलं वाढवणाऱ्यांना विचारा, त्यांचंही तेच असतं." शहरातल्या डॉक्टरीणबाईंपासून भाजीवाल्यापर्यंत कितीतरी जण तिच्या हाताखालून गेलेत. बाबांना शिकवायला तेवढा तिनं साफ नकार दिला. भाऊ आणि क्लच एकाच वेळी सांभाळणं आपल्याला जमणार नाही म्हणाली.

मागच्या महिन्यात तिची गाडी दुभाजकाला घासली. शिकणारी मुलगी वळणावर गोंधळली आणि आत्याचा ब्रेक उशिरा लागला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण स्कूलचे मालक म्हणाले, "बाई, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तुमचा पाय जड झालाय. आता ऑफिसात बसून नियम आणि चिन्हं शिकवा. गाडीवर दुसरं कुणी बघेल."

"त्या खुर्चीला चाकं आहेत, पण ती कुठं जात नाही," आत्या मला म्हणाली. ती हसत होती, पण तेव्हापासून तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

मी गेम बनवणाऱ्या कंपनीत काम करते. सध्या आम्ही गाड्यांच्या शर्यतीचा गेम करतोय आणि त्यातला एक ट्रॅक आमच्याच शहरावरून घेतलाय. छतावर कॅमेरे लावलेली गाडी घेऊन आम्ही गल्लीबोळ फिरलो आणि बसडेपो, दवाखान्याचं वळण, बेकरी, पूल, सगळं पुन्हा उभं केलं. पण शहर जसंच्या तसं घेतलं तर त्याची शर्यत होत नाही. रस्ता फिरून पहिल्या जागी यावा लागतो. म्हणून पुलाच्या अलीकडे नदीकडे जाणारा रस्ता आम्ही भिंत घालून बंद केला, भिंतीवर बाण रंगवले आणि ट्रॅक बाजारात वळवला. शहरात माणसं मात्र एकही ठेवली नाहीत. शर्यतीत माणसं कुठं ठेवणार?

हे सगळं मी जेवताना उत्साहानं सांगत होते. आत्यानं मधेच विचारलं, "ब्रेक कधी दाबला ते तुमच्या गेमला कळतं का?"

"सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत कळतं."

"मग माझा पाय मोज. मालकांना तोंडी सांगून पटत नाही."

रविवारी दुपारी तिला आमच्या ऑफिसात नेलं. मी स्टिअरिंगच्या शेजारी दुसरी खुर्ची मांडली, तिच्यासमोर जादा पेडल ठेवलं आणि दोन्ही पेडलं एकाच गाडीला जोडली. कुणीही दाबलं तरी गाडी थांबणार. चालवायला आमचा सुसाट होता. गेममधली गाडी वळणावर किती घसरावी हे तोच ठरवतो, म्हणून त्याला ते नाव पडलंय.

"लायसन्स आहे ना रे?" आत्यानं बसता बसता विचारलं.

"नाही, आत्या. दोनदा नापास झालोय."

"वा. आणि जगाला शर्यती शिकवतोस."

पहिली फेरी त्यानं नीट मारली. आत्या सवयीनं सूचना देत होती: आरसा बघ, गिअर उतरव, कोपर खाली घे. पुलाच्या अलीकडे तो वळला तशी ती करवादली, "समोर नदीचा रस्ता मोकळा पडलाय आणि तू बाजारात काय शिरतोस?" आम्ही दोघंही हसलो. आत्याचं गाडी शिकवणं असंच असतं, मला वाटलं.

दुसऱ्या फेरीआधी मी सुसाटला सांगितलं, आता शिकाऊ माणसासारख्या चुका कर. ते त्याला सहज जमलं. दवाखान्याच्या वळणावर त्यानं वेग कमीच केला नाही, आणि त्याचं वाकडं जाणं माझ्या लक्षात यायच्या आत आत्यानं गाडी थांबवली होती. पुढं शाळेसमोर काही कारण नसताना तिचा ब्रेक लागला.

"इथं का, आत्या?"

"शाळा सुटते ना."

"पण या शहरात मुलंच नाहीत."

"ते माझ्या पायाला कोण सांगणार?"

पडद्यावर आलेख उमटत होता आणि मी खुशीत होते. पाय ठणठणीत होता. आमच्या टेस्टिंगवाल्या पोरांपेक्षाही चपळ.

मग पूल जवळ आला. सुसाट या वेळी वळला नाही. गाडी सरळ भिंतीकडे निघाली. मी आत्याच्या पायाकडे बघत होते. पाय पेडलवर अलगद टेकलेला होता, अगदी निवांत. गाडी धडकली, उलटली, पडदा थरथरला.

"काय झालं? कशावर आपटलो?" आत्यानं विचारलं.

"भिंतीवर, आत्या," सुसाट हसत म्हणाला.

"कुठल्या भिंतीवर?"

त्याचं हसू थांबलं. मी चित्र मागं नेलं आणि भिंतीच्या बरंच अलीकडे थांबवलं. "आत्या, आहेस तिथूनच सांग. काय काय दिसतंय?"

"डावीकडे औषधांचं दुकान. त्याच्यापुढं बसथांबा. समोर नदीचा रस्ता." ती न अडखळता, पाढे म्हणावेत तसं बोलली.

बसथांबा आम्ही केव्हाच काढून टाकला होता, रस्ता रुंद दिसावा म्हणून.

"आत्या, तिथं बसथांबा नाहीये," मी म्हणाले. "समोर भिंत आहे." ती उठली आणि पडद्याच्या इतकी जवळ गेली की नाक टेकायचं तेवढं राहिलं. भिंतीवरच्या बाणावरून तिनं बोट फिरवलं. जिथं बसथांबा असायचा तिथंही फिरवलं. नंतर खुर्चीत येऊन बसली, पण पाय पेडलपासून लांब घेऊन.

"तो दुभाजक नवा होता," ती म्हणाली. "त्याच आठवड्यात बांधलेला. मी म्हणत राहिले, पाय आखडला, पाय आखडला. बाकी सगळं रोजचंच असतं गं. रोजच्या रस्त्यावर डोळे लागतच नाहीत."

सुसाटला तिची दया आली. "आत्या, पायाचा आलेख एकदम झकास आलाय. मालकांनी पायच म्हटलं होतं ना? तेवढाच दाखवू."

"दाखव की. आणि उद्या सकाळी तुझ्या आईला पाठव माझ्या गाडीत."

तो खाली बघू लागला. तिनं त्याच्या पाठीवर थोपटलं. "तुझं चुकलं नाही रे. मलाही क्षणभर तेच सुचलं होतं."

मग तिनं पिशवीतून फोन काढला आणि माझ्या हातात दिला. नंबर शोधायला. आजवर मला वाटायचं, तिला फोनचा कंटाळा आहे.

"मालक, पाय मोजून घेतला, चांगला आहे," ती फोनवर म्हणाली. "पण डोळे चांगले नाहीत. उद्यापासून गाडीवर येत नाही. नाही, नाही, पायाचं नाही म्हणतेय मी, डोळ्यांचं. डॉक्टर काय म्हणतात ते बघू, नुसता मोतीबिंदूचा पडदा आला असेल तर काढतील. तोवर बसते तुमच्या टेबलाशी. चिन्हांचे तक्ते तेवढे मोठे छापून घ्या."

पलीकडून मालक बराच वेळ काहीतरी बोलत होते. ती नुसती हं हं करत राहिली. फोन ठेवल्यावर पदरानं चेहरा पुसला आणि सुसाटला म्हणाली, "तुझी तिसरी परीक्षा कधी आहे? नियम तरी नीट शिकून घे माझ्याकडून. तिथंच उडाला असशील."

"तिथंच उडालो होतो," तो म्हणाला.

आम्ही दोघी खाली आलो. बससाठी रस्ता ओलांडायचा होता. आत्या कडेला थांबली आणि तिनं माझा दंड धरला. असं तिनं आधी कधीच केलं नव्हतं. रस्ता ओलांडताना लहानपणी तीच माझं मनगट पकडायची.

"काय आहे तेवढं सांगत चल," ती म्हणाली. "काय असायला हवं ते नको सांगूस. ते मला पाठ आहे."

"डावीकडून एक ट्रक येतोय," मी म्हणाले. "जाऊ दे त्याला."

आम्ही थांबलो.