नथुकाकांची चार पिंपं

नथुकाका माझ्या गाडीत बसत नसत. कुंभिवलीच्या नाक्यावर भर उन्हात एसटीची वाट बघत उभे असायचे. मी गाडी थांबवून काच खाली केली की हसून विचारायचे, "लायसन आलं का गं, बाय?"

लायसन्स माझ्या पाकिटातच होतं, फोटोसकट. पण ते कसं मिळालं, हे एकदा मी मूर्खासारखं त्यांना सांगून बसले होते. मैदानात गाडी वीस फूट पुढे नेली. साहेब फोनवर बोलत होते, त्यांनी हातानेच 'पुरे' केलं. मी थांबले आणि पास झाले. मला थांबता येतं एवढं तरी त्यातून सिद्ध झालं, म्हणजे आपल्याकडच्या मानाने परीक्षा कडकच म्हणायची.

काका आमचे शेजारी. मस्कतला सव्वीस वर्षं ट्रेलर चालवून परत आलेले. तिकडे लायसन्ससाठी आधी चार पिंपांच्या मधोमध गाडी उलटी घालायची, मग चढावर थांबवून दाखवायची, मग पोलिसाला शेजारी बसवून रस्त्यावर न्यायची. काका सहा वेळा नापास झाले आणि तोवर दोन वर्षं सिमेंटच्या गोण्या उचलत राहिले. एखादी ओळख काढावी, एवढंही बिचाऱ्यांना सुचलं नाही.

"सातव्या टायमाला पोलिस बाजूला बसला," काका सांगायचे, "आन् पाच मिन्टात घोरायला लागला. मी म्हटलं, गेलं आता. ह्यानं बगितलंच नाय, तर पास कसा करनार? उतरताना म्हनतो, पास. मोडक्या हिंदीत म्हनतो, तुझ्या गाडीत झोप लागली, आजून काय बगायचं?" मग माझ्याकडे बघून पुढे म्हणायचे, "हिकडं आल्यापासनं मी कुनाच्या गाडीत झोपलो नाय."

त्यांचं मस्कत-पुराण आम्हाला पाठ होतं. "तिकडं एकशेवीसला गाडीत चहा सांडत नाय. तुजी तर ऐंशीलाच आरडते." माझी जुनी गाडी ऐंशीला खरंच टुंग टुंग करायची आणि अंगभर थरथरायची. मी त्यालाच वेग समजत होते. लोधिवलीजवळ टेंपो उलट दिशेने येतात आणि दिवसाढवळ्या दिवे लावतात. दिवे लावले की बाजू आपोआप बरोबर होते, अशी त्यांची श्रद्धा आहे. काका अशांना एसटीच्या खिडकीतून हात जोडायचे.

मग काचबिंदूने त्यांचा डावा डोळा गेला आणि उजवाही अधू झाला. डॉक्टरांनी तसं सांगितलं त्याच दिवशी त्यांनी, गावातल्या गावात फिरायला ठेवलेल्या स्कूटरची किल्ली माझ्या हातात ठेवली. "इकून टाक." सगळी आळी हळहळली. एका डोळ्यावर टेंपो हाकणारे दोघे तर म्हणाले, एवढं काय झालं होतं? हॉर्न शाबूत होता ना?

काकू केव्हाच गेल्या होत्या आणि स्कूटरही गेली. काकांच्या हाताला काही काम राहिलं नाही, म्हणून त्यांनी मला धरलं. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात डांबराची चार रिकामी पिंपं उभी केली आणि दर रविवारी मला त्यांच्या मधोमध गाडी रिव्हर्स घालायला लावलं. नीट दिसत तर नव्हतं, म्हणून मागच्या पिंपावर तळवा ठेवून बाजूला उभे राहायचे. बंपर नुसता टेकला तरी त्यांना कळायचं. "नापास!" आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही, या नियमात नोकरी केलेली मी प्राथमिक शिक्षिका. अकरा रविवार नापास झाले आणि दोनदा घरी येऊन चक्क रडले.

बाराव्या रविवारी तळवा हलला नाही. "पिंप पास," काका म्हणाले. "रस्ता बाकी हाय."

पण रस्ता बाकीच राहणार, अशी चिन्हं दिसू लागली. त्यांची मुलगी सुरेखा त्यांना कायमचं साताऱ्याला न्यायला आली. कर्जतला रेल्वे पकडायची होती. तिने रिक्षा सांगितलेली, पण काकांनी ती परत पाठवली. "मास्तरीन नेईल."

ते पुढे बसले, पट्टा लावला आणि कान माझ्याकडे करून म्हणाले, "इंडिकेटर ऐकू येऊ दे."

या माणसाने मला एकदा पास म्हणावं, एवढंच मला हवं होतं. चौकला कर्जतच्या रस्त्याला वळले. इंडिकेटर टकटकला, काकांनी मान हलवली. पुढे एका मोटरसायकलवरून तिघे जण समोरून माझ्याच बाजूने आले. मी वेग कमी केला, हॉर्न न वाजवता त्यांना जाऊ दिलं. काका काहीच बोलले नाहीत. बराच वेळ बोलले नाहीत. मला वाटलं, चिडले.

मागून सुरेखाने माझ्या खांद्याला हात लावला आणि हळूच म्हणाली, "अगं, बाबा झोपलेत."

माझे डोळे भरून आले. मागचा टेंपो हॉर्न बडवत होता, पण मी पन्नासच्या पुढे गेले नाही.

कर्जत स्टेशनाबाहेर गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, तेव्हा ते दचकून जागे झाले.

"हितं वळलीस, तवा इंडिकेटर दिलास?"

"दिला, काका."

"मला नाय ऐकू आला," असं म्हणून ते चाचपडत पट्टा सोडू लागले.

'पास' हा शब्द काही त्यांनी उच्चारला नाही. मस्कतच्या पोलिसाने निदान तेवढा तरी उच्चारला होता.