भरलेला पेला

आमच्या चर्चच्या मंडळीत ‘वडील’ वयावरून ठरत नाहीत, निवडून द्यावे लागतात. मला सलग चार वेळा निवडून दिलं आणि माझ्या डोक्यात हवा गेली, हे आधीच कबूल करून टाकतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा ट्रे घेऊन मी बाकांपुढून फिरतो. काचेचे इवले इवले पेले, त्यात द्राक्षरस. सगळ्यांचं झालं की शेवटी आम्ही वडील घेतो. पाळक दर वेळी आधी बजावतात, कुणाशी वाकडं असेल तर मिटवून या, मगच पेल्याला हात लावा.

सात महिने मी पेला उचलत होतो, ओठांपर्यंत नेत होतो आणि भरलेलाच परत ठेवत होतो.

वाकडं होतं ते माझ्या सख्ख्या धाकट्या भावाशी. तो कामठीला राहतो. दारूपायी त्याची नोकरी गेली, बायको माहेरी जाऊन बसली. एका रविवारी विशेष प्रार्थना माझ्याकडे होती. आजाऱ्यांसाठी केली, परीक्षेला बसलेल्या पोरांसाठी केली, आणि मग मला भरून आलं म्हणा की चेव आला म्हणा, डोळे मिटून मी मोठ्यानं सुरू झालो. प्रभो, माझ्या भावाला त्या बाटलीतून सोडव, गटारात पडलेल्याला वर काढ, आमच्या घराण्याला लागलेला काळिमा धुऊन टाक. अख्खी मंडळी एका सुरात म्हणाली, आमेन. काय रंगली होती प्रार्थना! डोळे उघडले, तर शेवटच्या बाकावर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून भाऊ बसलेला. चाळीस दिवस त्यानं थेंब घेतला नव्हता आणि तेच सगळ्यांपुढे सांगायला तो आला होता. हे मला नंतर त्याच्या बायकोकडून कळलं. तो उठला आणि कुणाकडे न बघता निघून गेला. त्यानंतर तो आमच्याकडे फिरकला नाही.

आता माफी मागायची तर कशाची? प्रार्थनेची? लोक तर बाहेर माझा हात धरून म्हणत होते, भावासाठी काय कळवळा आहे हो तुमचा! पद सोडावं तर कारण सांगावं लागणार. पेला प्यावा तर घशाखाली उतरेना, आणि नाही प्यावा तर लोक बघणार, म्हणून ते सोंग. मीच आतून कडी घातली होती आणि ती आता मलाच निघत नव्हती. घरी गुडघे टेकले की शब्द मात्र भराभर यायचे, चांगले चांगले, घोटीव. मला स्वतःची शिसारी यायची. हे देवाशी बोलणं नव्हतंच, मंडळीला ऐकवणं होतं.

आम्हा वडिलांच्या बायका उपासनेनंतर पेले धुतात. उरलेला रस मोरीत ओतत नाहीत, कुंपणाजवळच्या झाडाच्या मुळाशी घालतात. सातव्या महिन्यात माझी बायको ट्रे घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

“दर महिन्याले हा एक पेला मी झाडाले घालून राहिली. झाडाचं भलं झालं. तुमचं काय?”

“तुले काय कळते त्यातलं?” मी खेकसलो.

“मले एवढंच कळते, त्यानं पुन्हा सुरू केली असंन, तर ते तुमच्यामुळे.”

त्याच दुपारी शेअर ऑटोत चौघांमध्ये दबून मी कामठीला निघालो. वाटभर काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. पुन्हा भाषणच! दार त्यानंच उघडलं. मी आधी वास घेतला. हो, तेवढा नीच मी होतोच. त्याच्या ते लक्षात आलं.

“पिऊन नाही राहिलो गा दादा,” तो म्हणाला. “ये आत.”

जुळवलेलं सगळं पार उडालं. मी खुर्चीत बसलो आणि म्हातारा माणूस कसाही रडतो तसा रडलो. “चुकलं माझं. चारचौघांत तुले उघडं पाडलं मी. अन् देवाचं नाव घेऊन पाडलं.”

सवयीनं मी हात जोडले, प्रार्थना करू म्हणून. त्यानं माझं मनगट धरलं.

“तू नको, दादा. तुयी लय झाली.”

“मग तू कर. माझ्यासाठी.”

असं मी जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. त्याला प्रार्थना येत नाही, कधीच आली नाही. त्यानं माझं मनगट सोडून डोळे मिटले. मग म्हणाला, “बापा, दादा उन्हातून आला. लय थकला तो. त्याले आता जरा बसू दे.”

एवढंच. कुणीतरी माझ्यासाठी देवाकडे मागत होतं आणि मला काहीच करायचं नव्हतं. नुसतं बसायचं होतं.

“आमेन,” मी म्हणालो.