जिवनबाईचं ‘व्हय’, मुंजाजीचं ‘न्हाई’

शिरड शहापूरच्या जिवनबाईला कुणी अनोळखी नव्हतंच. लग्नात कुणीही समोर आलं की ती हात धरायची, "आवं, तुमाला न्हाई ओळखणार व्हय मी?" निम्म्यांना तिनं जन्मात पाहिलेलं नसायचं, पण माणूस सुखावायचा. तिचा दीर मुंजाजी अगदी उलटा. एकदा बाजारातून दुसऱ्याची मेंढी आपली म्हणून हाकत आणली आणि गावभर हसं झालं. तेव्हापासून सख्ख्या साडूलाही तो "न्हाई बुवा, ध्यानात येत न्हाई" म्हणायचा.

२००३च्या उन्हाळ्यात जिवनबाईची भाची सुकन्या आली. ती मानसशास्त्रात एम.ए. करत होती, माणूस पाहिलेलं कसं ओळखतो, हाच तिचा अभ्यास. सकाळी तिनं शेजारच्या पेमाच्या वीस मेंढ्या दोघांना एकेक करून दाखवल्या. दुपारी त्यांत वीस नव्या मिसळल्या आणि एकेक पुढं आणून विचारलं, "ही सकाळी पाहिलेली का?"

जिवनबाई चाळीसही मेंढ्यांना "व्हय" म्हणाली. "बघ, तुझ्या वीसच्या वीस बराबर ओळखल्या!"

"आणि न पाहिलेल्या वीससुद्धा, मावशी!"

मुंजाजीनं फक्त तिघींना होकार दिला. तो मिशीत हसला. "माझी एक बी चुकली न्हाई."

"सतरा सोडल्या, काका."

मग दोघांची जुंपली. मुंजाजी म्हणाला, "ओळख हाय तर हाय, न्हाई तर न्हाई. मधलं काई नसतंय."

"नसतंय कसं? कुणी जरासं ओळखीचं वाटतं, कुणी लई!"

सुकन्या चमकली. तिच्या पुस्तकातही नेमकी हीच दोन मतं भांडत होती. दुसऱ्या दिवशी तिनं सकाळी वेगळ्या मेंढ्या दाखवल्या, दुपारी पुन्हा नव्या मिसळल्या आणि दोघांपुढं खडे ठेवले: साफ नवी वाटली तर एक, पक्की पाहिलेली तर सहा, मधलं मनाला येईल तसं. आता सरसकट "व्हय" म्हणायची सोय उरली नाही. जिवनबाई प्रत्येक मेंढीचे कान निरखू लागली. मुंजाजी तर दोन की तीन, यावर घामाघूम झाला.

दोन्ही मतांप्रमाणे हिशेब मांडून सुकन्या म्हणाली, "मावशीचं मत जास्त जुळतंय. जितके खडे जास्त, तितकी ओळख खरी निघते, पायरी-पायरीनं."

जिवनबाईनं दिराकडं पाहून पदर सावरला.

"पण मावशी, आठवण दोघांची सारखीच आहे. फक्त तुझी जीभ होकाराकडं कलते, काकांची नकाराकडं."

"सारखीच?" जिवनबाईचा चेहरा उतरला. "ह्याच्याइतकीच? पोरी, पुन्ना मोज!"

मुंजाजीनं मात्र ताबडतोब मान डोलावली. "व्हय, व्हय. बराबर हाय."

त्याच्या तोंडून इतकं चटकन "व्हय" घरात सगळ्यांनी पहिल्यांदाच ऐकलं.