कच्चा डाग

टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्यावर सासऱ्यांनी जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर घरीच बांधायला घेतला. जेवणाचं टेबल त्यांनी बळकावलं आणि घरातले बाकीचे मांडीवर ताटं घेऊन जेवू लागले. सासूबाई म्हणायच्या, सवत आली असती तरी तिने एवढी जागा अडवली नसती.

यंत्र पूर्ण झालं, व्हॉल्व्ह नारिंगी उजळले आणि स्पीकरमधून गाण्याआधी नुसतं ‘घूं’ आलं. आवाज अगदी कमी केला तरी ते तेवढंच. सासऱ्यांनी व्हॉल्व्ह बदलले, ते तापवणाऱ्या तारा वेणीसारख्या पिळून कडेने नेल्या, ट्रान्सफॉर्मर फिरवून दुसऱ्या टोकाला बसवला. फरक शून्य. लोकांच्या लाइनींमधली खरखर काढण्यात उभी हयात गेलेला माणूस. आता कुणी काही विचारलं की खेकसू लागला.

सून लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची. तिला वेगळंच काही खटकत होतं. चालू यंत्रात काम करताना सासरे डावा हात खिशात ठेवत. दोन्ही हात आत असले तर झटका छातीतून जातो, असं त्यांनीच तिला सांगितलं होतं. पण हल्ली तो हात चहा पितानाही खिशातच असे.

एका रविवारी, निसटती तार धरायला तो हात पुढे झाला आणि सासरे खुर्चीसकट मागे फेकले गेले. थोडक्यात बचावले. मुलगा संतापला, हे सगळं भंगारात देतो म्हणाला आणि तणतणत बाहेर गेला. सासरे भिंतीला टेकून बसून राहिले. चेहरा पांढरा पडला होता.

सुनेने विचारलं, मी बघू का? त्यांनी मानेनेच हो म्हटलं. ते सांगत गेले तसं तिने सुक्या लाकडी काडीने एकेक जोड हलकेच दाबून पाहिला. अर्थिंगच्या सगळ्या तारा जिथे एकत्र येतात तिथे काडी टेकली आणि घूं थांबलं. काडी उचलली की पुन्हा सुरू. वीज बंद करून, कपॅसिटरमध्ये साठून राहिलेली वीज उतरवून तिने भिंगातून पाहिलं.

“सोल्डरचा डाग कच्चा आहे, बाबा. थंड होताना तार हललीय.”

“तार मीच धरली होती,” ते म्हणाले. मग टेबलाशी येऊन बसत त्यांनी डावा हात खिशातून काढून टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. “वर्ष झालं असेल. तुझ्या सासूला सांगू नकोस.”

“त्यांना कळायलाच हवं. पण तुम्ही सांगा.”

सुनेने जुना डाग काढून नवा दिला. घूं गेलं. सासऱ्यांनी स्पीकरला कान लावला, मान डोलावली आणि गाणं न लावताच यंत्र बंद केलं. मग ते उठून स्वयंपाकघरात सासूबाईंकडे गेले.  आतला नळ बराच वेळ वाहत राहिला.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंनीच त्यांना डॉक्टरांकडे नेलं. गोळ्यांनी कंप थोडा उतरला. पूर्ण जाणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सासऱ्यांनी आता दुसरं यंत्र बांधायला घेतलंय. ते शेजारी बसून सांगतात, डाग सून देते. तिचा डाग चकचकीत बसला की ते बोलायचे थांबतात आणि कधीकधी काम तसंच टाकून गॅलरीत जाऊन उभे राहतात. ती हाक मारत नाही. आपसूक येतील तेव्हा येतात.